एक बेरीज

चंदीगडहून शिमल्याच्या रस्त्याने निघाले की वीस-बावीस किलोमीटरांवर पिंजौर लागते. गाव आज हरियाणातील पंचकुला जिल्ह्यात मोडते. परंतु चंदीगडच्या रहिवाशांना ते आपल्या अंगणातलेच वाटते, आणि नोकरीनिमित्त इकडे आलेला मराठी माणूसही पाहुणे आले म्हणजे त्यांना घेऊन प्रथम तेथेच जातो. कारण तेथील बाग. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात ती उभारली. सात टप्प्यांनी ती खाली उतरत जाते. वरच्या टप्प्यावरचे पाणी खालच्या टप्प्यावर, तेथून आणखी खाली, असे खळाळत शेवटपर्यंत पोहोचते.

या बागेविषयी एक दंतकथा सांगतात. मोगल सुभेदाराने आपल्या शेजारी कायमचा तळ द्यावा, हे आसपासच्या डोंगरी राजांना मानवणारे नव्हते. युद्ध करण्याचे बळ नव्हते. म्हणून त्यांनी युक्ती केली. सुभेदाराच्या जनानखान्यात फळे-फुले घेऊन ज्या बायका जात, त्या सगळ्या गलगंड झालेल्या अशाच निवडून पाठविल्या. बेगमांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'इथल्या हवापाण्याचाच हा गुण. जी येथे राहते तिला हे होतेच.' बेगमा घाबरल्या, त्यांनी हट्ट धरला आणि एवढ्या हौसेने उभारलेली बाग सोडून सुभेदारास जावे लागले.

श्रोतेहो, या कथेतील खरेखोटे आज कोण ठरविणार? तथापि राज्यकारभाराचे एक जुनाट दुखणे तिच्यात नेमके सापडते, यात शंका नाही. सुभेदारापुढे आलेली प्रत्येक बाई खरोखरच गलगंड झालेली होती. म्हणजे प्रत्येक नोंद खरी होती. परंतु त्या नोंदींची बेरीज मात्र खोटी होती. एकंदर मुलखात बायका किती आणि त्यांपैकी गलगंडाच्या किती, हा प्रश्न कोणी केलाच नाही.

आज सरकारी कचेऱ्यांतून, बँकांतून, कारखान्यांतून संगणकाच्या पडद्यावर रोज असले कोष्टक उमटत असते. एका रकान्यात उद्दिष्ट, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामगिरी, तिसऱ्यात टक्केवारी. शिवाय हिरवा किंवा तांबडा रंग. पाहणाऱ्याने जिल्हा निवडला की आकडे जिल्ह्याचे होतात, तालुका निवडला की तालुक्याचे. हे आकडे कोणी तेथे लिहून ठेवलेले नसतात. बेरीज कशाची करावयाची आणि भागावयाचे कशाने, एवढे सूत्र कोणीतरी लिहून ठेवलेले असते, आणि विचारणारा जेवढा भाग निवडील तेवढ्यापुरते उत्तर ते सूत्र तत्काळ काढून देते. संगणकाच्या व्यवहारात अशा सूत्राला 'मेझर' म्हणतात. साधन नवे आहे. परंतु त्यामागील प्रश्न मुळीच नवा नाही. त्या प्रश्नाचा आपल्या महाराष्ट्रातील इतिहास आज थोडक्यात सांगावा, असा माझा विचार आहे.

प्रारंभ मोगलांपासूनच करावा लागतो, कारण आपली हिशेबी परिभाषा बरीचशी त्यांच्या अमलातूनच आलेली आहे. मोगल दफ्तरात प्रत्येक परगण्याच्या नावापुढे 'जमा' म्हणून एक आकडा असे. तो दामांत मांडलेला असे आणि ४० दाम म्हणजे एक रुपया, असा हिशेब होता. जमा म्हणजे येणे अपेक्षित असलेली रक्कम. प्रत्यक्षात जे हाती येई, ते 'हासिल'. अकबराच्या राज्याच्या पहिल्या काळात हे जमेचे आकडे फुगविलेले होते. मनसबदाराला जहागीर द्यावयाची म्हणजे कागदावर मोठा आकडा दाखविणे सोयीचे पडे. पुढे १५८० मध्ये दहा वर्षांच्या उत्पन्नाचा व भावांचा आधार घेऊन नवी आकारणी झाली, तिचे कारण हेच. अपेक्षा आणि अनुभव यांच्यात इतके अंतर पडले होते की अपेक्षेला अर्थच उरला नव्हता.

तरीही ते अंतर पुन्हा वाढले. शाहजहानच्या काळी मोगल दफ्तराने त्याचा एक मोठा मार्मिक हिशेब बसविला. जहागिरीची जमा बारा महिन्यांची धरावयाची आणि प्रत्यक्ष हासिल जमेच्या निम्मे असेल, तर ती जहागीर 'सहामाही' म्हणावयाची. हासिल दोन तृतीयांश असेल, तर 'आठमाही'. जहागीरदाराने किती घोडेस्वार बाळगावे, हे या प्रमाणावरून ठरत असे. उद्दिष्टाशी कामगिरीचे प्रमाण एका शब्दात सांगणारे हे सतराव्या शतकातील माप होते.

आपल्या दख्खनची स्थिती तर याहून वाईट होती. जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाच्या चरित्रात दिलेल्या आकड्यांप्रमाणे १६५२ च्या सुमारास दख्खनच्या चार मोगली सुभ्यांची जमा ३ कोटी ६२ लक्ष रुपये होती. वसूल मात्र अवघा एक कोटी. म्हणजे रुपयाला साडेचार आण्यांहूनही कमी! लढाया, दुष्काळ आणि परागंदा झालेली कुळे यांचा सारा इतिहास या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात साठलेला आहे. मुर्शिद कुली खानाने पुढे दख्खनची वसुली नव्याने बसविली, ती हे अंतर डोळ्यांपुढे ठेवूनच.

आता मराठ्यांकडे वळू. योगायोग असा की, ज्या पिंजौरपासून आपण निघालो, तेथील किल्ला दौलतराव शिंद्यांच्या पदरी असलेल्या बूर्किया नावाच्या फ्रेंच सेनानीने पाडला. मराठ्यांची निशाणे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली होती, याची ही खूण. शिंदे-होळकरांचे हिशेब त्यांच्या त्यांच्या दौलतीत चालत. पेशव्यांच्या मुलखाचा आणि खर्चाचा हिशेब मात्र पुण्यास हुजूर दफ्तरात येई. या दफ्तरात दोनशेंहून अधिक कारकून राबत असत. त्याची एक शाखा 'चालते दफ्तर' म्हणून ओळखली जाई. तेथे फडणिसाच्या देखरेखीखाली रोजचे काम होई. दुसरी शाखा पुण्यातून कधी हलत नसे. तिचे नाव 'एक बेरीज दफ्तर'.

नावातच तिचे काम सांगितलेले आहे. निरनिराळ्या खात्यांचे, परगण्यांचे, महालांचे हिशेब येथे येत आणि त्यांचा एकंदर मेळ घातला जाई. जमा किती, खर्च किती, बाकी किती, हे ताळेबंदात एकत्र मांडले जाई. बाबवार खतावण्या तयार होत. 'एक बेरीज' या दोन शब्दांत केवढी आकांक्षा भरलेली आहे! सबंध राज्य एका बेरजेत पाहावे, अशी ती आकांक्षा होती.

परंतु या व्यवस्थेचे खरे महत्त्व बेरजेत नव्हते. ते बेरजेच्या खाली होते. मामलेदार मामलतीवर जाई, तेव्हा वर्षाच्या आरंभी त्याला अजमास मिळे. मुलखाचे उत्पन्न अमुक यावे आणि खर्च अमुक व्हावा, असा तो अंदाज असे. वर्ष संपल्यावर त्याने झडती द्यावयाची, म्हणजे प्रत्यक्षात काय झाले त्याचा जाब द्यावयाचा. आणि ही झडती एकट्या मामलेदाराच्या शब्दावर मंजूर होत नसे. त्याच्याबरोबर दरखदार असत. फडणीस, मजमदार, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस हे अधिकारी वंशपरंपरेचे असल्यामुळे मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, आणि त्यांच्या संमतीवाचून कागद पुरा होत नसे. शिवाय देशमुख-देशपांड्यांचे हिशेब वेगळे येत. त्यांचा मामलेदाराच्या हिशेबाशी मेळ बसावा लागे. बेरजेतील कोणत्याही आकड्यावर बोट ठेवावे, खतावणीकडे जावे, तेथून महालाकडे, महालाकडून गावाकडे, अशी वाट मोकळी होती. वर चढण्याची शिडी आणि खाली उतरण्याची शिडी एकच होती.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मामलेदार लाच घेत, खोटे खर्च दाखवीत, आणि पुण्यातील कारकुनांना ते ठाऊकही असे. परंतु लबाडी करावयाची झाली तरी ती चार ठिकाणच्या कागदांशी जुळवून करावी लागे. एवढी अडचणही राज्याच्या फार उपयोगी पडते.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ही शिडी मोडली. मामलती मक्त्याने देण्याची चाल पडली. जो अधिक बोली बोलेल त्याला मामलत. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या लिलावाचे वर्णन केले आहे. बोली चढविण्याची आस्थेने उत्तेजना दिली जाई, आणि मागे सरणारावर खप्पा मर्जी होई. मक्तेदार आपला मक्ता पुढे लहान मक्तेदारांना विके. ते पाटलांना गाठत. अशा व्यवहारात अजमासाची गरज काय आणि झडतीची तरी काय? मक्त्याची रक्कम हेच उद्दिष्ट, तीच जमा, तीच कामगिरी. रक्कम पोहोचली की हिशेब पुरा! रयतेकडून किती घेतले, कोणते गाव ओस पडले, कोणाचे बैल विकले गेले, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. हुजूर दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला आणि कागदपत्रे लोकांनी हवी तशी नेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर मक्त्याच्या पद्धतीत उद्दिष्ट आणि कामगिरी यांचे प्रमाण उत्तम दिसेल. नाना फडणिसांच्या काळातील ताळेबंदात बाकी दिसते. मक्त्याच्या हिशेबात बाकी दिसत नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पूर्वी कोष्टक तांबडे होते आणि आता ते हिरवे झाले. परंतु जेथे बाकी दिसत होती, तेथे कोणीतरी मोजत होते. जेथे ती नाहीशी झाली, तेथे मोजणेच बंद पडले होते.

इंग्रजी अमलाने मोजणी पुन्हा सुरू केली. मात्र पहिल्याच पावलाला ठेच खाल्ली. प्रिंगल नावाच्या विद्वान सनदी अधिकाऱ्याने १८२४ ते १८२८ या काळात दख्खनची पाहणी केली. प्रत्येक शेताचे उत्पन्न काय, त्यातून लागवडीचा खर्च वजा जाता उरते काय, हे त्याने काढविले आणि त्या निव्वळ उरणाऱ्या उत्पन्नाच्या शेकडा ५५ हा सरकारचा भाग ठरविला. त्यामागे विलायतेतील अर्थशास्त्राचे ताजे सिद्धान्त होते. कागदावर हिशेब नमुनेदार होता. १८३० मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात ही आकारणी लागू झाली आणि थोड्याच वर्षांत जमिनी ओस पडू लागल्या. वसूल आकारणीच्या जवळपासही येईना; सूट द्यावी लागे, तरी बाकी वाढतच जाई.

दोष कोठे होता? खालच्या नोंदी कच्च्या होत्या, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठा दोष असा की, सिद्धान्ताने काढलेला आकडा अनुभवाशी ताडून पाहिलाच नव्हता. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी हीच रीत उलटी केली. गेल्या कित्येक वर्षांत या गावांनी प्रत्यक्ष काय दिले, किती सूट द्यावी लागली, लागवड वाढली की घटली, बाजार किती लांब, पाऊस कसा, हे पाहून त्यांनी प्रथम गावांच्या सबंध गटाला झेपेल असा एकंदर भार ठरविला. मग जमिनीची प्रतवारी आण्यांत लावून तो भार शेताशेतांवर वाटून दिला. १८३६ मध्ये इंदापुरात हे कमी केलेले दर तीस वर्षांसाठी कायम झाले आणि लागवड पुन्हा वाढू लागली. उद्दिष्टालाही चूक असू शकते, आणि ती चूक कामगिरीनेच दाखवून द्यावी लागते, हा धडा इंदापूरच्या शेतकऱ्याने फार मोठी किंमत देऊन राज्यकर्त्यांना शिकविला.

प्रतवारीच्या या आण्यांचे एक भावंड आपल्या ओळखीचे आहे. तिला पूर्वी आणेवारी म्हणत. आता पैसेवारी म्हणतात. गावातील पिकाचे प्रमाण उत्पन्न रुपया धरले तर यंदा त्यातले किती पैसे पिकले, हे सांगणारा तो आकडा. महाराष्ट्रात ५० पैशांहून कमी पैसेवारी आलेली गावे टंचाईग्रस्त धरून महसुलात सूट, वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, अशा सवलती देण्याची पद्धत पडली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरविताना पाऊस, पेरा, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती ही मापेही आली आहेत. तरी पैसेवारी किती लागली, हा प्रश्न आजही गावच्या पारावर चर्चिला जातो.

आता एक कल्पित गाव घ्या. तेथे १०० हेक्टर बागायत आणि ४०० हेक्टर जिरायत. पीक एकच, प्रमाण उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल. बागायतीत १,००० क्विंटल यावयाचे, त्यांतले ८०० आले. म्हणजे ८० पैसे. जिरायतीत ४,००० यावयाचे, ते १,६०० च आले. म्हणजे ४० पैसे. एखाद्याने ८० आणि ४० यांची सरासरी काढली तर गावाची पैसेवारी ६० होईल आणि गाव सवलतीला मुकेल. दुसऱ्याने आधी बेरीज केली, म्हणजे ५,००० पैकी २,४०० असे धरले, तर पैसेवारी ४८ येईल आणि गावाला सवलत मिळेल. पीक तेच, शेतकरी तेच, नोंदी त्याच. फरक एवढाच की, एकाने आधी भागले आणि मग मिळविले. दुसऱ्याने आधी मिळविले आणि मग भागले. संगणकावर सूत्र लिहिणाऱ्या तरुणांना हाच नियम प्रथम शिकविला जातो: प्रमाणांची सरासरी काढू नका, बेरजांचे प्रमाण काढा. वरवर हा कारकुनी नियम दिसतो. पण त्याच्यावर एखाद्या गावाची चूल अवलंबून असू शकते.

दुसरा नियमही जुन्या दफ्तरातील कारकुनाला सांगावा लागला नसता. उद्दिष्ट वर्षाचे असेल आणि कामगिरी आषाढापर्यंतचीच असेल, तर दोहोंची तुलना करू नये. वसुलीचे हप्ते असत. जो हप्ता अद्याप आलेलाच नाही त्याची बाकी कोणी धरीत नसे. आज मात्र जूनमध्येच सबंध वर्षाच्या उद्दिष्टाने भागून 'अवघे दहा टक्के' म्हणून अधिकाऱ्याला धारेवर धरलेले मी पाहिले आहे. तिसरा नियम असा की, ज्याला उद्दिष्टच दिलेले नाही त्याची जागा रिकामी ठेवावी. तेथे शून्य लिहू नये आणि शंभरही लिहू नये. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: एका ठिकाणच्या आधिक्याने दुसऱ्या ठिकाणची तूट झाकू नये. बेरजेच्या शेजारी, किती ठिकाणे मागे पडली, हाही आकडा असलाच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर आपण उद्दिष्टांचा मार्ग डोळसपणे पत्करला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेने राष्ट्रीय उत्पन्नात वर्षाला शेकडा २.१ वाढ अपेक्षिली होती, झाली ३.६. तिसऱ्या योजनेने ५.६ अपेक्षिली, दोन युद्धे आणि १९६५ चा दुष्काळ यांमुळे झाली सुमारे २.८. पहिली योजना यशस्वी आणि तिसरी अयशस्वी, असा निकाल यावरून चटकन देता येईल. परंतु पहिल्या योजनेच्या पदरात चांगला पाऊस पडला होता, हेही तितकेच खरे. प्रमाण निकाल देत नाही. ते चौकशी कोठे करावयाची तेवढे दाखविते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात देशातील ११२ जिल्हे ४९ निर्देशकांनी मोजले जाऊ लागले. आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे चार जिल्हे त्यांत आहेत. आरोग्य-पोषणाला ३० टक्के, शिक्षणाला ३०, शेती-पाण्याला २०, आणि वित्तीय समावेशन-कौशल्य व पायाभूत सुविधा यांना प्रत्येकी १० टक्के वजन देऊन जिल्ह्याचा एकच गुण काढला जातो. पुण्याच्या कारकुनांनी जी एक बेरीज वर्षभर खपून केली असती, ती येथे महिन्याच्या महिन्याला पडद्यावर दिसते. ही प्रगती आहे, आणि मी तिला मनापासून प्रगतीच म्हणतो. पण नंदुरबारचा गुण दोनाने वाढला, हे कळल्यावर धडगावच्या डोंगरातील अंगणवाडीपर्यंत त्या गुणाची वाट मागे काढता येते का, हा प्रश्न एक बेरीज दफ्तराच्या वारसांनी विचारलाच पाहिजे.

श्रोतेहो, हुजूर दफ्तराचे हजारो रुमाल आज पुण्याच्या पुराभिलेखागारात सुरक्षित आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्या रुमालांतील बहुतेक कारकुनांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी लढाया जिंकल्या नाहीत. त्यांनी एवढेच केले की, यावयाचे किती होते आणि आले किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि मधला फरक झाकला नाही. ज्या दिवशी तो फरक लिहिणे राज्याला नकोसे झाले, त्या दिवसापासून राज्याला आपल्याच रयतेची खबर मिळेनाशी झाली.

पिंजौरच्या बागेत पाणी वरून खाली वाहते. हिशेबाचे पाणी खालून वर चढवावे लागते, आणि ते वर चढताना कोणत्या टप्प्यावर गढूळ झाले, हे खाली उतरूनच पाहावे लागते. सुभेदाराने एकदा बागेबाहेर पडून पुढच्या गावात चक्कर मारली असती, तर त्याची बाग त्याच्याजवळ राहिली असती.